मझल ब्रेक लावण्याआधी: नाशिकच्या नव्या रायफल नेमबाजांसाठी

रायफलच्या नळीच्या टोकाला बसवलेली, बाजूंना खाचा असलेली जाडसर टोपी म्हणजे मझल ब्रेक. नाशिककरांना ती वस्तू तशी अनोळखी नाही. देवळालीच्या फायरिंग रेंजवर तोफखान्याचा ‘तोपची’ सराव होतो, त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. त्यात धनुष किंवा के-९ वज्र तोफेच्या नळीचं तोंड नीट पाहा, तिथे हीच टोपी मोठ्या आकारात दिसेल. गोळा बाहेर पडल्यावर त्याच्या मागून सुटणारा वायू बाजूला वळवायचा आणि तोफेला मागे बसणारा झटका कमी करायचा, हे तिचं काम. रायफलवरही ती तेच करते.

व्हिडिओ पाहून रेंजवर आलेल्या नव्या माणसाचा प्रश्न मात्र वेगळा असतो: ब्रेक लावला की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा घोळका, लहान होतो ना? ब्रेकमुळे होत नाही. झालाच तर तुमचा खांदा कमी घाबरल्यामुळे होतो, आणि त्याची किंमत शेजारच्या लेनमधला माणूस कानाने मोजतो. या दोन गोष्टी पक्क्या कळल्या की ब्रेक घ्यायचा की नाही, बसवायचा कसा आणि रेंजवर वागायचं कसं, हे आपोआप ठरत जातं.

पायरी पहिली: तुमची रायफल कोणती ते बघा

नाशिकमध्ये नवीन नेमबाजाची सुरुवात जवळजवळ नेहमी १० मीटर एअर रायफलने होते. पेलेट ४.५ मिमीचं, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर. ऊर्जा ८ ज्यूलच्याही आत. हिला खांद्यावर जाणवेल असा धक्काच नाही, त्यामुळे ब्रेकचा विषय इथेच संपतो. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (नळीचं तोंड वर उडू नये म्हणून लावलेला तुकडा) दोन्हींना मनाई आहे, आणि आपल्याकडच्या स्पर्धा त्याच नियमांवर चालतात. काही एअर गनच्या टोकाला ‘एअर स्ट्रिपर’ असतो. तो धक्क्यासाठी नसतो, पेलेटच्या पाठीमागची खळबळलेली हवा बाजूला काढण्यासाठी असतो. बाजारात तोही ‘ब्रेक’ म्हणून विकला जातो. स्पर्धा खेळायची असेल तर असलं काहीही लावण्याआधी कोचला आणि इक्विपमेंट कंट्रोलवाल्यांना, म्हणजे स्पर्धेआधी साधनं तपासणाऱ्यांना, विचारा. मॅचच्या सकाळी विचारलं तर उशीर झालेला असतो.

दुसरी .२२ (नळीचा व्यास, इंचात), म्हणजे ५० मीटरवाली. हिचा ढोबळ हिशेब करून बघू. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटर. वजन किलोत धरून दोन्हींचा गुणाकार ०.८६ येतो; धक्क्यातला हा गोळीचा वाटा. दारू मात्र जेमतेम ०.१ ग्रॅम. म्हणजे एकूण धक्क्यात वायूचा वाटा एक दशांशाच्या आसपास, आणि रायफल पाच किलोंच्या पुढची. ब्रेक फक्त वायूच्या वाट्यावर काम करतो. गोळीचा वाटा कमी करणं त्याच्या हातात नाही. मुळात नसलेला धक्का ब्रेक कुठून कमी करणार? वर .२२ ची गोळी मेणाचा हात दिलेली, उघड्या शिशाची असते. ते मेण आणि शिसं ब्रेकच्या खाचांत थापत जातं. .२२ वर ब्रेक हा शोभेचा दागिना आहे, तोही मळणारा. मूळच्या कोल्हापूरच्या आणि नाशिकमध्ये घडलेल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते याच .२२ वर आणि ब्रेकशिवाय.

तिसरा प्रकार बिग-बोअरचा, म्हणजे मोठ्या नळीच्या, जोरदार राउंडच्या रायफलींचा: .३१५, .३०-०६ आणि त्यांच्या जातीच्या रायफली. इथे हिशेब पालटतो. .३०-०६ ची साधारण गोळी ९.७ ग्रॅमची, वेग ८८० च्या आसपास, गुणाकार साडेआठ. दारू सव्वातीन ग्रॅम, आणि तिचा वायू गोळीपेक्षाही जास्त वेगाने तोंडातून सुटतो. त्याचा वाटा चार ते पाच. म्हणजे धक्क्याचा तिसरा हिस्सा एकट्या वायूचा. चांगला ब्रेक हा हिस्सा खाऊन वर थोडी ओढ पुढच्या दिशेने देतो, म्हणून खांद्याला जाणवणारा धक्का तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होऊ शकतो. पुढचं सगळं या तिसऱ्या प्रकारासाठी आहे. रेंजवरची रीत मात्र एअर रायफलवाल्यांनीही वाचावी, कारण शेजारी कोण येऊन बसेल ते आपल्या हातात नसतं.

नेमावर नक्की काय होतं

गोळीचं बूड नळीतून सुटल्यावरच वायू ब्रेकच्या आडव्या भिंतींवर आदळतो. ब्रेक कामाला लागतो तेव्हा गोळी टार्गेटच्या वाटेला लागलेली असते. त्यामुळे तो गोळीला ‘सरळ’ करतो हा समज सोडून द्या. परिणाम होतो तो आडवाटेने.

एक म्हणजे वजन. ८० ते १५० ग्रॅमचा तुकडा नळीच्या अगदी टोकाला लटकला की नळीची थरथर बदलते. गोळी सुटताना तोंड वेगळ्या जागी असतं आणि ग्रुपचा मध्य सरकतो. १०० मीटरवर काही सेंटिमीटर सरकणं अगदी नेहमीचं. ग्रुपचा आकार कधी थोडा घटतो, कधी वाढतो, बऱ्याचदा तोच राहतो. विकणारा यातली पहिलीच शक्यता सांगतो.

दुसरं म्हणजे केंद्र. ब्रेकमधून गोळी बाहेर पडते ते छिद्र गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने मोठं असतं. ७.८ मिमीच्या गोळीला ८.३ ते ८.४ मिमीचं छिद्र. म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरची मोकळीक. थ्रेड, म्हणजे नळीच्या टोकाचे आटे, किंचित तिरका पडला किंवा ब्रेक जिथे टेकतो ती नळीची कड काटकोनात नसली, तर ती मोकळीक एका बाजूला संपते. मग गोळीच्या मागचा वायू एका कुशीला जास्त दाबतो आणि ग्रुप विस्कटतो. त्याहून वाईट म्हणजे गोळी आतल्या भिंतीला घासते.

तिसरा परिणाम खरा फायद्याचा, आणि तो माणसावर होतो. मोठ्या रायफलच्या धक्क्याला शरीर आधीच तयारीला लागतं. डोळा मिटतो, खांदा पुढे सरसावतो, बोट चाप दाबायच्या ऐवजी झटकतं. याला रेंजवर ‘फ्लिंच’ म्हणतात. ब्रेकने धक्का कमी झाला की फ्लिंच कमी होऊ शकतो, शिवाय दुर्बीण टार्गेटवरून फार उडत नाही आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दिसतं. पण आवाजाची भीती असलेल्या माणसाचा फ्लिंच ब्रेकने उलट वाढतो, कारण धक्का घटला तरी भडका त्याच्याच तोंडाशी आला. तुमचा फ्लिंच कशाचा आहे हे आधी ओळखा.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कोचला मॅगझिन भरायला द्या आणि पाच राउंडमध्ये एक-दोन डमी (दारू नसलेले) राउंड कुठेही मिसळायला सांगा. तुम्हाला क्रम माहीत नसला पाहिजे. डमीवर चाप ओढला की नुसतं ‘टक्’ होईल. त्या क्षणी नळीचं तोंड खाली डुचकळलं तर फ्लिंच आहे. आता हेच कानात प्लग आणि वर मफ, असं दुहेरी संरक्षण घालून करा. डुचकळणं बरंच कमी झालं तर भीती आवाजाची होती आणि ब्रेकचे पैसे वाचले. तसंच राहिलं तर धक्क्याची. तरीही आधी बटची (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाची) लांबी, त्यावरची धक्का झेलणारी गादी म्हणजे रिकॉइल पॅड आणि खांद्याच्या खळगीत बट बसतो की हाडावर, हे तपासा. पोलीस सेवेतून आलेले नाशिकचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांनी इथल्या नेमबाजांना श्वास आणि एकाग्रतेच्या सरावाची गोडी लावली. त्या वाटेवरचा रोजचा पंधरा-वीस ड्राय फायरचा, म्हणजे राउंड न भरता चाप ओढण्याचा, सराव कोणत्याही लोखंडी टोपीपेक्षा स्वस्त पडतो.

कायदा: सातपूरच्या लेथवर जाऊ नका

हे नाशिकसाठी मुद्दाम वेगळं लिहावं लागतं. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत अर्ध्या शतांश मिलिमीटरचं काम करणारे टर्नर गल्लोगल्ली आहेत, आणि नळीच्या टोकाला थ्रेड पाडणं त्यांच्यासाठी दहा मिनिटांचं काम. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची निर्मिती, बदल, दुरुस्ती आणि चाचणी यांचा व्यवसाय करायला परवाना लागतो. टर्नरकडे तो नसतो. ‘फक्त थ्रेडच तर पाडायचाय’ म्हणत नळी त्याच्या टेबलावर ठेवली की तो अडचणीत आणि तुम्हीही. काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या, पावती घ्या, आणि पावतीवर रायफलचा नंबर लिहून घ्या.

दुसरी अडचण खरेदीची. याच कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा आवाज किंवा गोळी सुटतानाचा लखलखाट कमी करण्यासाठी बनवलेली जोडणीसुद्धा ‘फायर आर्म’मध्येच मोजली जाते. म्हणजे सायलेन्सर तर सोडाच, हा लखलखाट लपवणारा फ्लॅश हायडरही. परदेशी साइटवर ‘ब्रेक आणि फ्लॅश हायडर, टू इन वन’ असे तुकडे सर्रास दिसतात. तसलं पार्सल मागवणं म्हणजे घरबसल्या गुन्हा ओढवून घेणं. साधा ब्रेकही परवानाधारक डीलरमार्फत आणि लेखी विचारणा करूनच घ्या. नाशिक शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.

रायफल घेऊन रेंजवर जाताना ती रिकामी, केसमध्ये, बोल्ट (राउंड बसतो त्या चेंबरला मागून बंद करणारा दांडा) काढलेला. राउंड वेगळ्या डब्यात. परवाना आणि क्लबचं कार्ड सोबत. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगण्याविरुद्ध मनाईआदेश अधूनमधून निघतात, सण-निवडणुकांच्या दिवसांत तर हमखास. येत्या सिंहस्थाच्या काळातही डोळे उघडे ठेवा. आदेशात नेमबाजांना सूट आहे का ते निघण्याआधी वाचा, नाक्यावर उभं राहून नव्हे.

बसवल्यावर तुम्ही काय तपासायचं

बसवायचं काम गनस्मिथचं. पण ते बरोबर झालंय का हे तुम्हाला कळलं पाहिजे. बोल्ट काढा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्याने आणि बोटाने पाहा, मगच पुढे.

थ्रेडचं माप जुळतं का हे आधी. .३० च्या नळ्यांवर बहुधा ५/८ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, लहान नळ्यांवर १/२ इंच आणि २८ आटे; युरोपीय रायफलींवर एम १४ किंवा एम १५, आटा एक मिलिमीटरचा. ब्रेक हाताने फिरवत नेला तर शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापर्यंत सहज गेला पाहिजे. मध्येच अडला आणि कोणी पान्याने जोर लावला, तर थ्रेड गेलाच समजा.

ब्रेकच्या खाचा दोन्ही बाजूंना सारख्या आल्या पाहिजेत. त्यासाठी योग्य तिथे थांबवायला शिम (पातळ चकती) किंवा मागे लॉकनट वापरतात. चेपणारा ‘क्रश वॉशर’ टाळायला सांगा. तो असमान चेपला तर ब्रेकला तिरका रेटा बसतो. आवळण्याचा जोर साधारण २७ ते ३४ न्यूटन-मीटर, आणि तो देताना नळी शिकंजात धरलेली असावी. ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, धरून नळीवर पीळ दिला तर तुम्ही ब्रेकऐवजी नळीच सैल करत असता.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नळीत अचूक बसणारा सरळ रॉड चेंबरच्या बाजूने घालून ब्रेकच्या तोंडातून बाहेर काढतात. समोरून पाहा: रॉडच्या भोवतीची काळी फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला केसाएवढी दिसली, तर एकही राउंड मारू नका. ‘दोन-चार राउंडनी बसेल’ असं कोणी म्हणालं तर त्या गनस्मिथकडे पुन्हा जाऊ नका.

चाचणी

शेतात, बांधावर, द्राक्षबागेमागच्या माळावर चाचणी करायची नाही. .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते, मोठ्या रायफलची त्याच्या कितीतरी पुढे, आणि निफाड-दिंडोरीकडे असा रिकामा माळ आता उरलाय कुठे? बिग-बोअरला मान्यता असलेल्या रेंजवर, रेंज ऑफिसरला आधी सांगून.

सकाळी लवकरची वेळ धरा. मार्च ते मे मध्ये दहा वाजल्यानंतर जमिनीवरून उठणारी गरम हवा दुर्बिणीत टार्गेट नाचवते, आणि मग दोष ब्रेकचा की हवेचा ते कळत नाही. लागणारं सामान: एकाच लॉटचे किमान ३५ राउंड, पुढे-मागे टेकू, व्हर्नियर, वही.

आधी ब्रेक काढून, टोकाच्या थ्रेडवर त्याची संरक्षक टोपी लावून दोन-तीन राउंड नळी ‘मळवण्यासाठी’ मारा, ते मोजू नका. मग पाच राउंडचा ग्रुप, वेगळ्या कागदावर. नळी हाताला सोसवेल इतकी निवू द्या, दहा-पंधरा मिनिटं तरी. ब्रेक लावून त्याच जोराने आवळा, पुन्हा पाच. असे आळीपाळीने ब्रेकशिवाय तीन आणि ब्रेकसह तीन ग्रुप घ्या. आधी सगळे एकीकडचे आणि मग सगळे दुसरीकडचे असं केलंत, तर शेवटच्या ग्रुपमध्ये गरम नळी, दमलेला खांदा आणि वाढलेला वारा सगळं ब्रेकच्या नावावर जमा होईल. एकेक ग्रुप मारून निकाल लावणं तर निव्वळ नशीब मोजणं आहे.

वहीत प्रत्येक ग्रुपचे दोन आकडे लिहा: सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर, आणि ग्रुपचा मध्य निशाण्यापासून किती मिमी कुठे सरकला. आता समजा १०० मीटरवर ब्रेकसह मध्य ५८ मिमी खाली आणि २९ मिमी उजवीकडे गेला. एमओए म्हणजे कोनाचं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग; १०० मीटरवर एक एमओए म्हणजे २९ मिमी. दुर्बिणीच्या चकतीचा एक खटका, म्हणजे क्लिक, पाव एमओएची असेल तर ८ क्लिक वर, ४ क्लिक डावीकडे. ५० मीटरवर एक एमओए १४.५ मिमी धरायचा, ३०० वर ८७. मध्य सरकला म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, तो झिरोने, म्हणजे दुर्बीण पुन्हा निशाण्यावर जुळवून, परत आणता येतो. तीनही ग्रुपचा आकार वाढला तर मात्र प्रश्न आहे. आधी आवळणी तपासा, मग केंद्र, मग नळीच्या तोंडाची कड म्हणजे क्राउन. तिला ब्रेक काढता-घालताना टोचा पडलेला असू शकतो.

एकदा ब्रेकसह झिरो केला की तो काढायचा नाही. काढला तर पुन्हा झिरो.

शेवटच्या ग्रुपनंतर रायफल रिकामी करून ब्रेकच्या आत टॉर्च मारा. शेवटच्या भिंतीच्या छिद्राच्या कडेवर एकाच बाजूला तांब्याची किंवा शिशाची चकचकीत रेघ दिसली तर गोळी घासतेय. त्याच वेळी टार्गेटवर एखादं छिद्र लांब, अंडाकृती दिसेल. ब्रेक उतरवा आणि गनस्मिथकडे जा.

रेंजवर शेजाऱ्याशी

ब्रेक वायू बाजूला फेकतो, म्हणजे शेजाऱ्याकडे. ५० मीटर रेंजवर फायरिंग पॉइंटची रुंदी जेमतेम १.२५ मीटर असू शकते, ३०० मीटरवर १.६. तुमच्या नळीच्या तोंडापासून शेजाऱ्याचं डोकं किती जवळ ते बघा. मोठ्या रायफलचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या घरात असतो. १४० च्या वर एका आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. ब्रेकमुळे नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानाशी आणखी पाच ते दहा डेसिबल चढतात, आणि सहा डेसिबल चढले की हवेचा दाब दुप्पट. वर पत्र्याचं छत असेल तर तोच भडका परत खाली येतो.

म्हणून ब्रेकवाल्याने प्लग आणि मफ दोन्ही घालायचे. दोन्हींचे आकडे बेरजेत धरू नका, दुसऱ्या संरक्षणाने साधारण पाचच डेसिबलची भर पडते. फोमचा प्लग नुसता कानात खोचला तर काही उपयोग नाही. दोन बोटांत वळून सुतासारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. समोरून आरशात प्लग जेमतेम दिसला पाहिजे. चष्म्याची जाड काडी मफच्या गादीखाली फट पाडते, बारीक काडीची फ्रेम वापरा.

रेंजवर पोहोचल्या पोहोचल्या रेंज ऑफिसरला सांगा: ‘सर, ब्रेक आहे, कडेची लेन मिळेल का?’ तीही भिंतीलगतची नको, मोकळ्या बाजूची पाहिजे. भिंतीने भडका परत येतो. कडेची नसेल तर मधे एक लेन रिकामी ठेवता येते का विचारा. शेजारी नेम धरणाऱ्या काका-ताईंना स्वतः जाऊन सांगा, ‘माझ्याकडे ब्रेक आहे, मोठा आवाज येईल, डबल कान झाकाल का?’ तीन वाक्यांचं काम. न सांगता पहिला बार उडवला तर बाजूची .२२ वाली मुलगी ज्या शॉटवर आठ सेकंद श्वास धरून बसली होती तो गेला, आणि तुमचं नाव दिवसभर रेंजवर निघत राहतं. शेजारी एअर रायफल किंवा .२२ ची मॅच चालू असेल तर त्या तासात ब्रेकची रायफल केसमध्येच राहू द्या. कोणी तुम्हाला तसं सांगितलं तर वाद घालू नका. लहान मुलं आणि बघे मागच्या रेषेच्याही मागे, कान झाकलेले.

झोपून मारताना बाजूचे भडके जमिनीवरची धूळ उडवतात. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर तर ढगच उठतो आणि तो दोन्ही शेजाऱ्यांच्या डोळ्यांत आणि दुर्बिणींवर जातो. चटई नळीच्या तोंडाच्या पुढे अर्धा मीटर जाईल अशी पसरा किंवा आधी पाणी मारून घ्या. खालच्या बाजूला खाचा असलेला ब्रेक घेऊच नका.

बाकीची रीत सगळ्यांना सारखी. ‘लोड’ म्हटल्याशिवाय राउंड भरायचा नाही, ‘स्टार्ट’शिवाय मारायचा नाही. ‘स्टॉप’ ऐकला की बोट चापाबाहेर, अर्धवट दाबलेला शॉटही सोडून द्यायचा. ‘अनलोड’ झाल्यावर बोल्ट उघडा आणि सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची भडक रंगाची खूण, घाला. एअर रायफलचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीतून गेला पाहिजे, बाकी रायफलींचा चेंबरमध्ये बसला पाहिजे. कोणी समोर टार्गेटकडे गेलं असेल तर रायफलला हात नाही, दुर्बीण पुसायलाही नाही. ड्राय फायरसुद्धा परवानगीनेच. निघण्याआधी रायफल रिकामी असल्याचं रेंज ऑफिसरला दाखवायचं.

चाप ओढला आणि राउंड उडाला नाही, तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा, दुसरा हात वर करा. उशिरा उडणारा राउंड असू शकतो. आणि आवाज नेहमीसारखा न येता नुसता ‘फुस्स’ झाला, धक्का लागला नाही, तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, त्यामागे दुसरी मारली तर नळी फुटते. ब्रेकवाल्याला हे उशिरा कळतं, कारण त्याच्या खांद्याला कमी धक्क्याची सवय झालेली असते. शंका आली की बोल्ट काढून नळीतून आरपार बघायचं, मगच पुढचा राउंड.

साफसफाई

दर ५०-६० राउंडनी ब्रेक आतून पाहा. काजळी भिंतींवर थर धरते आणि छिद्राची पाव मिलिमीटरची मोकळीक कमी करत जाते. ग्रुप हळूहळू फुगत असेल तर दुर्बिणीचे स्क्रू कसत बसण्याआधी इथे बघा. गनस्मिथकडून उतरवलेला ब्रेक सॉल्व्हंटमध्ये रात्रभर ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासा. लोखंडी सुई किंवा स्क्रूड्रायव्हरने कडा खरवडू नका. नळी साफ करताना रॉड चेंबरच्या बाजूने घाला आणि कापड ब्रेकमध्ये अडकू देऊ नका, त्याचा एक धागा मागे राहिला तरी पुढच्या राउंडला तो जळून चिकटतो. रेंजवरची जागा कोरड्या झाडूने झाडू नका, शिशाची धूळ हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा. हात साबण लावून थंड पाण्याने धुवा आणि मगच डबा उघडा. रेंजवर घातलेलं जॅकेट घरच्या कपड्यांत टाकू नका.